ब्लोअर भाड्याने आणलात, पण हवा आणलीत का?

मागच्या भागात आपण उंचावर होतो, परांची आणि सेफ्टी बेल्ट बघत होतो. आज उलट दिशेने खाली उतरायचं आहे. जमिनीखालची पाण्याची टाकी, सोसायटीचा एसटीपी, तळघर, कारखान्यातलं बंद भांडं. अशा ठिकाणी दोन-चार दिवसांचं काम निघतं आणि तेवढ्यासाठी हवेची यंत्रं भाड्याने आणावी लागतात: ब्लोअर, डक्ट, गॅस मीटर, ट्रायपॉड. विकत घेऊन ठेवली तर लहान ठेकेदाराच्या गोदामात ती वर्षभर धूळ खातात, म्हणून भाडंच बरं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, पुणे, कुठल्याही मोठ्या शहरात ही यंत्रं भाड्याने मिळतात.

फोन होतो तो असा. समोरचा विचारतो, "किती इंची पाहिजे साहेब?" आपण सांगतो, "बारा इंची पाठवा." तो म्हणतो, "डक्ट देऊ का सोबत?" आपण म्हणतो, "द्या." झाला व्यवहार. टाकी केवढी, आत काय काम आहे, विजेची सोय काय, यातलं काही कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. ब्लोअर येतो, झाकणापाशी ठेवला जातो, चालू होतो, मोठा आवाज करतो. त्या आवाजाने सगळ्यांना धीर येतो. गडी आत उतरतो.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार कामगार गुदमरून गेले. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये विरारला एका वसाहतीच्या एसटीपीत चार जण गेले. एसटीपीत घाण असते, विषारी वायू असतो, हे लोकांना कळतं. पण पाण्याच्या टाकीत माणूस गुदमरतो हे ऐकून लोक गोंधळतात. "पाणीच तर होतं, त्यात काय?" बंद टाकीत राहिलेल्या सेंटरिंगच्या ओल्या फळ्या कुजतात, क्युरिंगचं पाणी साचून शेवाळतं, आणि कुजण्याच्या क्रियेत ऑक्सिजन खर्च होतो. लोखंडी टाकी असेल तर गंजसुद्धा ऑक्सिजनच खातो. आत विष असायलाच हवं असं नाही. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो दहाच्या खाली गेला की माणूस पाहता पाहता शुद्ध हरपतो, आणि त्याआधी जीव घुसमटल्यासारखंही होत नाही. शिडीवरून खाली पोचतो आणि बसतो, इतकंच वरच्याला दिसतं.

आता हवा किती लागते त्याचा हिशेब करू. व्हिडिओत मी फळ्यावर मांडला होता, इथे शब्दांत सांगतो. समजा टाकी ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल. म्हणजे ६० घनमीटर. बंद जागेत काम करताना तासाला साधारण वीस वेळा हवा बदलावी असा एक ढोबळ नियम वापरतात. साठ गुणिले वीस, म्हणजे तासाला १२०० घनमीटर. भाड्याने देणारे लोक सीएफएममध्ये बोलतात, त्यांच्या भाषेत हे साधारण ७०० सीएफएम झालं. बारा इंची ब्लोअरच्या पाटीवर याच्या कितीतरी पट आकडा लिहिलेला असतो. मग काळजी कसली?

पाटीवरचा आकडा मोकळ्या पंख्याचा असतो. पुढे डक्ट नाही, वाक नाही, अडथळा नाही. पंचवीस फूट लवचिक डक्ट जोडली, झाकणापाशी तिला काटकोनात वाकवलं, आत शिडीच्या पायाशी पुन्हा वळवलं, की हवा कमी होते. डक्ट पूर्ण ताणलेली नसेल, हार्मोनियमच्या भात्यासारखी चुण्या पडलेली असेल, तर निम्म्याहूनही खाली येते. साइटवर मी बघतो त्या दहापैकी आठ डक्ट अशाच चुरगळलेल्या असतात. शिवाय चाळीस-पन्नास ठिकाणी भाड्याने फिरून आलेल्या डक्टला भोकंही असतात. त्यामुळे यंत्र मागवताना "किती इंची" हे नंतर सांगा. आधी सांगा, "डक्टच्या शेवटच्या टोकाला मला तासाला १२०० घनमीटर हवा पाहिजे, डक्ट इतके फूट, वाक दोन." काम जाणणारा माणूस लगेच कोणतं मॉडेल ते सांगेल. ज्याला हे वाक्यच कळत नाही, त्याच्याकडून हवेचं यंत्र घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आलेलं यंत्र मोजून घ्या. वारा मोजायचा हातात मावणारा पंखा मिळतो, ॲनिमोमीटर म्हणतात त्याला. ब्लोअरच्या मानाने तो फारच स्वस्त पडतो. डक्टच्या टोकाला चार-पाच जागी धरून सरासरी काढा. ३०० मिलिमीटरच्या डक्टमधून सेकंदाला ५ मीटर वेगाने हवा येत असेल, तर ती तासाला सुमारे १२७० घनमीटर होते. म्हणजे आपल्या टाकीपुरती ती पुरते. ३ मीटरच मिळत असेल तर पुरत नाही, मग ब्लोअर कितीही गर्जू दे.

आत उतरायच्या आधी किती वेळ चालवायचा, हाही प्रश्न नेहमी येतो. "दहा मिनिटं चालवलाय साहेब." टाकीत साठ घनमीटर हवा ढकलली म्हणजे जुनी हवा सगळी बाहेर गेली असं होत नाही. नवी हवा जुनीत मिसळते आणि मिश्रण बाहेर पडतं. एकदा टाकीभर हवा ढकलल्यावर वाईट वायूचा ३७ टक्के भाग आत उरतो. तीनदा ढकलल्यावर ५ टक्के. म्हणून सातपट, साडेसातपट हवा जाईपर्यंत थांबायची पद्धत आहे. आपल्या टाकीला एका भरणीला तीन मिनिटं लागतात, तर साडेसातला साडेबावीस. दहा मिनिटांत साडेतीनसुद्धा होत नाहीत. आणि हा हिशेब हवा आत नीट मिसळते असं धरून केलेला आहे. कोपरा असेल, मधली भिंत असेल, तर तिथली हवा तशीच बसून राहते.

एसटीपीत आणखी एक गोष्ट. तिथे वायू संपत नाही, तो गाळातून येत राहतो. गाळात पाय पडला, फावडं मारलं, की अडकून राहिलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. त्यामुळे ब्लोअर "हवा साफ झाली" म्हणून बंद करायचा नसतो. शेवटचा माणूस वर येईपर्यंत तो चालू. डिझेल वाचवायला जेवणाच्या सुट्टीत बंद केला असेल, तर सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात: तेवढाच वेळ, तीच तपासणी.

आता फुंकायचं की ओढायचं? पंखा हवा पुढे फेकतो तेव्हा तो झोत लांब जातो. डक्टच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही त्याचा वेग सुमारे एक दशांश उरतो. उलटं, डक्ट हवा ओढत असेल तर तोंडापासून फक्त एका व्यासावरच वेग दहा टक्क्यांवर येतो. घरी करून बघा. मेणबत्ती फुंकून हातभरावरून विझते, श्वास आत ओढून ती विझवायची तर नाक जळेल. म्हणून माणसापर्यंत ताजी हवा पोचवायची तर फुंकायची, आणि डक्टचं टोक थेट तळाशी, तो काम करतो तिथे न्यायचं. झाकणात अडकवलेलं टोक वरच्यावरच हवा फिरवतं आणि तीच झाकणातून परत बाहेर येते. ओढायची कधी? वेल्डिंगचा धूर असेल, एकाच जागी ग्राइंडिंग चालू असेल तर. तेव्हा ओढणारं तोंड त्या जागेला जवळजवळ चिकटवायचं आणि बाहेरून ताजी हवा यायला दुसरी वाट ठेवायची.

झाकण एकच असेल तर डक्टच अर्धी वाट अडवते. शिडीही तिथून, माणूसही तिथून. यासाठी सॅडल व्हेंट नावाचा चपटा, अर्धचंद्राच्या आकाराचा तुकडा मिळतो. तो झाकणाच्या कडेला बसतो आणि मधली वाट मोकळी ठेवतो. भाड्याच्या यादीत तो नसतोच, आठवणीने मागायचा.

ब्लोअर हवा कुठून घेतो, हे कोणी बघत नाही. जेनसेट आणि ब्लोअर एकाच टेम्पोतून उतरतात आणि एकमेकांशेजारीच ठेवले जातात. केबल छोटी पुरते ना! मग जेनसेटचा धूर ब्लोअर ओढतो आणि कार्बन मोनॉक्साइड इमानेइतबारे खालच्या माणसापर्यंत पोचवतो. पेट्रोलवर चालणारा ब्लोअर असेल तर तो स्वतःचाच धूर गिळतो. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांमध्ये, बंद जागेत इंजिनाचा धूर येत असेल तर कार्बन मोनॉक्साइडसाठी ५० पीपीएमची मर्यादा घातलेली आहे. लाखात पाच भाग. एवढं प्रमाण गाठायला जेनसेटला फार वेळ लागत नाही. वारा कुठून येतो ते बघा, ब्लोअर वाऱ्याच्या बाजूला आणि जेनसेट खालच्या बाजूला, लांब. लांब केबलचं भाडं द्यावं लागलं तर द्या. रस्त्याकडेला काम असेल तर उभ्या ट्रकचं सायलेन्सरही बघा.

तीन फेजचा ब्लोअर असेल तर वायरमनला विचारा, फिरायची दिशा बघितली का. दोन फेज उलटे लागले की सरळ पात्याचा पंखा हवा उलटी ओढायला लागतो. डब्यासारखा सेंट्रिफ्युगल ब्लोअर आणखी फसवा. तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त बरीच कमी. आवाज तोच. मोजल्याशिवाय कळत नाही.

आता गॅस मीटर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ब्लोअरची चूक मीटर पकडतो, पण मीटरची चूक पकडणारं साइटवर दुसरं काही नसतं.

भाड्याने मिळतो तो बहुतेक चार वायूंचा मीटर असतो: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. याच्या आतले सेन्सर रासायनिक असतात, ते झिजतात, मरतात. मेलेला विषारी वायूचा सेन्सर काय दाखवतो? शून्य. चांगल्या हवेत चांगला सेन्सरही शून्यच दाखवतो. दोघांत फरक कसा करणार? त्यावर खरा वायू सोडून. लहान सिलिंडरमधून ओळखीच्या प्रमाणाचा वायू काही सेकंद सोडायचा आणि आकडा वर जातो का, अलार्म वाजतो का, हे बघायचं. याला बम्प टेस्ट म्हणतात. ती रोज, कामाआधी करायची असते. कॅलिब्रेशन वेगळं. ते काही महिन्यांनी होतं आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडे प्रमाणपत्राची झेरॉक्स मिळते, बम्प टेस्टचा सिलिंडर मिळत नाही. तो मागा. प्रमाणपत्रावरचा सिरियल नंबर आणि मीटरच्या पाठीवरचा नंबर जुळतो का तेही बघा. मी एका ठिकाणी एकच प्रमाणपत्र तीन मीटरबरोबर आलेलं पाहिलं आहे.

मीटर पंपवाला घ्या, नळीसकट. बिनपंपाचा मीटर माणसाच्या छातीवर लावायला ठीक, पण उतरण्याआधी तळाची हवा वरूनच तपासायची असते. दोरीला बांधून मीटर खाली सोडणारे असतात, पण त्याचा आकडा कोण वाचणार? नळीने वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी तपासा. मिथेन हलका, तो वर जमतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी बसतो. नळी लांब असेल तर हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, प्रत्येक पातळीवर दोनेक मिनिटं थांबा. नळीचं टोक पाण्यात बुडवू नका, पंप पाणी ओढतो आणि मीटर संपतो, वर त्याची किंमत तुमच्या डिपॉझिटमधून जाते.

नाकावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे खरं, पण साधारण १०० पीपीएमला तो वास घेणारी नसच बधिर होते. "मघाशी वास होता, आता गेला," असं कोणी म्हणालं की त्याला आधी बाहेर काढा.

आकडे वाचायची एक युक्ती सांगतो. ऑक्सिजनचा अलार्म १९.५ ला वाजतो, म्हणून १९.९ दिसलं की लोक खूश. पण ऑक्सिजन हवेचा पाचवा भाग आहे. तो एक टक्का कमी झाला, तर त्याच्या जागी बाहेरचा कुठला तरी वायू जवळपास पाच टक्के शिरलेला असू शकतो. पाच टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम! तो कार्बन डायऑक्साइड असेल, सॉल्व्हंट असेल, मीटरला त्यांची ओळखच नसते. म्हणून २०.९ वरून आकडा हलला की पहिला प्रश्न, का हलला? आणि ऑक्सिजन कमी आहे म्हणून सिलिंडरमधला ऑक्सिजन आत सोडायचा नाही, कधीही. ऑक्सिजन वाढला की कपडे, केस, ग्रीस, सगळं भडकायला तयार होतं.

इपॉक्सी किंवा थिनरचं काम असेल तर चार वायूंचा मीटर अपुरा. टोल्युइनचं उदाहरण घ्या, थिनरमध्ये ते सापडतं. हवेत ते १.१ टक्के झालं की पेट घेऊ शकतं. मीटरचा अलार्म याच्या दहा टक्क्यांवर लावलेला असतो, म्हणजे ११०० पीपीएमला. पण माणसाच्या जिवाला ५०० पीपीएमलाच तातडीचा धोका मानतात. स्फोटाचा अलार्म वाजेपर्यंत आतला माणूस त्या रेषेच्या दुप्पट पुढे गेलेला असतो. शिवाय हे मीटर सहसा मिथेनवर जुळवलेले असतात, टोल्युइन ते कमीच दाखवतात. अशा कामाला पीआयडी नावाचा मीटर मागवा. भाडं जास्त पडतं, पण दुसरा इलाज नाही. ब्लोअरही फ्लेमप्रूफ लागतो, पेसोच्या मान्यतेचा कागद दाखवून. डक्ट स्थिर विजेची ठिणगी न पाडणारी, तारेने अर्थिंग केलेली. साधा ब्लोअर सॉल्व्हंटची हवा ओढायला लावला, तर मोटरची एक ठिणगी पुरते. आतला दिवाही चोवीस व्होल्टचा. १९४८ च्या कारखाना कायद्याने टाकीसारख्या जागेसाठी हीच मर्यादा घातली होती, आणि आत उतरण्याआधी जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यायचा, हेही त्याच कायद्याच्या छत्तिसाव्या कलमात होतं. आपल्याकडे नियम नव्हते असं कोणी म्हणू नये.

सेप्टिक टँक आणि गटार यांचं मी वेगळं सांगतो. तिथे ब्लोअर भाड्याने आणण्याऐवजी सक्शनचा टँकर आणा आणि माणूस वरच ठेवा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणूस आत उतरवणं गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. टँकरचं बिल त्यापुढे काहीच नाही, आणि हा हिशेब पैशात करावा लागतो याचीच लाज वाटते.

धुळीबद्दल थोडक्यात, कारण दिल्ली आणि मुंबईच्या मंडळींनी विचारलं होतं. अँटी स्मॉग गन, फॉगर, धूळ मोजणारा बोर्ड, ही यंत्रंही भाड्याने मिळतात. दिल्ली परिसरात साइटच्या क्षेत्रफळाप्रमाणे किती गन लावायच्या ते ठरवून दिलेलं आहे, ५,००० ते १०,००० चौरस मीटरला किमान एक आणि पुढे वाढत. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये साइटभोवती उंच पत्रे आणि पाणी फवारणी सांगितली. ते करायचंच. पण गन उघड्यावरची धूळ खाली बसवते, तळघरात काँक्रीट घासणाऱ्याच्या फुफ्फुसात जाणारी सिलिका ती थांबवत नाही. त्यासाठी ग्राइंडरलाच जोडलेला हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम भाड्याने आणा.

शेवटी ट्रायपॉड. यादीत पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली काट यावर बसते, "वर चार माणसं आहेत की ओढायला." अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की बंद जागेत मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले होते. पहिला पडला की भाऊ उतरतो, मग मुकादम उतरतो. बेशुद्ध माणूस दोरीने हाताने वर ओढून बघा, चौघांनाही जड जातो, आणि तो झाकणाच्या कडेला अडकतो. हार्नेस आणि विंच असलं की वरचा एक माणूस जागेवरून त्याला काढतो, कोणालाही आत जावं लागत नाही. पण त्यासाठी हार्नेस आत उतरतानाच अंगावर आणि दोर विंचला लावलेला हवा. ट्रायपॉड टेम्पोतच ठेवला असेल तर त्याचं भाडं फुकट.

मागणीच्या कागदावर हे सगळं लिहा: डक्टच्या टोकाची हवा, डक्टची लांबी आणि व्यास, सॅडल व्हेंट, फेज आणि केबल, फ्लेमप्रूफ हवा की नको, मीटरचा नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख, बम्प टेस्टचा सिलिंडर, यंत्र बिघडलं तर किती तासांत बदली. फोनवर ठरलेलं टेम्पोत चढत नाही, लिहिलेलं चढतं. आणि मीटर परत करण्याआधी त्याच्या मेमरीतली नोंद उतरवून घ्या. कुठल्या मिनिटाला कुठला आकडा होता ते त्यात असतं, आणि एकदा दुकानात गेला की पुढच्या गिऱ्हाइकासाठी ते पुसलं जातं.

पुढच्या भागात ट्रायपॉड प्रत्यक्ष उभा करू, विंचला साठ किलोची गोणी लावून एका माणसाला वर काढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू. भेटू.